बायांच्या जागा

आई, काही महिन्यांपूर्वी वकिलांचा फोन आला, आपण जिंकलो म्हणाले. त्यांच्या ‘आपण’मध्ये तू नव्हतीस, आणि असतीस तर त्यांना चांगलंच ऐकवलं असतंस, म्हणून आधी तुला सगळं नीट सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या कायम जागांची जाहिरात निघायची तेव्हा तिच्यात एक ओळ असायची, फक्त महिला उमेदवारांनी अर्ज करावेत. तू गेल्यावर काही वर्षांनी अशीच एक जाहिरात आली आणि आम्ही काही पुरुष नर्स मिळून नागपूरला हायकोर्टात गेलो. कोर्टानं सांगितलं की सरकारला वाटत असेल तर काही जागा बायांसाठी राखून ठेवाव्यात, पण केवळ पुरुष आहे म्हणून कोणाला सरकारी नोकरीच्या दारातूनच परत पाठवता येणार नाही. निवड नव्यानं करा, आणि खटला चालता चालता ज्यांचं वय उलटून गेलं त्यांना वयात सूट द्या. ते वय उलटून गेलेले म्हणजे मी. फोन आला तेव्हा मी नालवाडीच्या घरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतो. हो हो म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेल्या चादरीही घातल्या. बायको म्हणाली, पेढे तरी आणा. उद्या आणतो म्हटलं, अजून आणले नाहीत. आनंद झाला नाही असं नाही, पण तो फार उशिरा लागलेल्या एसटीसारखा आला. बसायला जागा मिळाली तरी माणूस स्टँडवर उभा राहून राहून आधीच थकलेला असतो.

खरं सांगायचं तर निकालापेक्षा मला तुझीच जास्त आठवण येते आहे, आणि तीही तुझ्या स्वयंपाकघराची. समुद्रपूरच्या पुढचं ते उपकेंद्र. समोरच्या खोलीत बाळंतपणाचं लोखंडी टेबल, मागच्या दोन खोल्यांत तू आणि मी. बाबा अल्लीपूरच्या शेतात, आठवड्याच्या बाजाराला येणार, एक रात्र राहणार आणि सकाळच्या गाडीनं परत. तुझ्या ओट्यावर दोन स्टोव्ह शेजारी शेजारी पेटलेले. एकावर तुरीचं वरण, दुसऱ्यावर कात्र्या, चिमटे आणि काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या. वरणाच्या फोडणीचा वास आणि त्या उकळत्या लोखंडाचा वास मला आजही वेगळे करता येत नाहीत. दोन्ही पातेल्यांना एकदम उकळी येते आणि तू समोरच्या खोलीतून ओरडतेस, "वरनाचं झाकन काढ रे! त्या दुसऱ्याले हात नको लावू!" मी काढतो, लावत नाही. गावातल्या बाया तुझ्या हातून बाळंत व्हायच्या, तान्हं घेऊन टोचायला यायच्या, पण आपल्या घरचा चहा प्यायच्या नाहीत. कोणत्या पातेल्यात उकळला असेल कोण जाणे, अशी त्यांची शंका. त्या गेल्या की तू कपबशा आदळायचीस. "पोट्टं काढाले माह्या हात चालते, चहाले चालत नाई!" आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी बाळाला आंघोळ घालायला हजर.

ही नोकरी तुला कशी मिळाली हे तू इतक्यांदा सांगितलंस की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. तुला खरं तर मास्तरीण व्हायचं होतं. पण आजोबांनी, तुझ्या सासऱ्यांनी, त्याला साफ नाही म्हटलं, कारण शाळेत मास्तरही असतात. नर्सबाईचं ट्रेनिंग निघालं तेव्हा ते म्हणाले, "तिथं मानूस नाई नं? मंग जाऊ दे." आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. धोतर नेसून, टोपी घालून त्या ट्रेनिंगच्या फाटकाशी दिवसभर उभे राहिले, आत कोण जातं नि बाहेर कोण येतं ते बघत. संध्याकाळपर्यंत एकच पुरुष दिसला, तिथला चौकीदार, आणि तोही म्हातारा. मग समाधानानं चिवडा खाऊन घरी आले. तू हे सांगताना हसायचीस. त्या चौकीदाराच्या पांढऱ्या मिशांवर आपलं सगळं घर उभं राहिलं होतं. तुझा पगार, माझं शिक्षण, नालवाडीची ही दोन खोल्यांची जागा, सगळंच.

मी बारावीनंतर नर्सिंगला जातो म्हटलं तेव्हा बाबा उठून शेताकडे निघाले. काकांनी मात्र भर अंगणात विचारलं, "वहिनी, पोट्ट्याले नर्स करून राह्यल्या काय?" तू सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणालीस, "मंग काय तुमच्यावानी पानठेल्यावर बसवू?" काका पुढे वर्षभर आपल्याकडे आले नाहीत आणि तुला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. मी निघालो त्या दिवशी तू मला एक हिरवा पडदा दिलास. दवाखान्याचं जाडं कापड, तुझ्या मशीनवर शिवलेलं, वर नाडी आणि नाडीच्या दोन टोकांना दोन आकडे. म्हणजे खिडकीचा गज, सलाइनचा स्टँड, पलंगाचा खांब, मिळेल तिथं अडकवता यावा. मला वाटलं होतं घड्याळ मिळेल. माझं तोंड बघून तू म्हणालीस, "आयक. बाई समोर असली की आधी पडदा लावजो. मंग तिले विचारजो. मंगच हात लावजो. हे चुकलं तं माह्यं नाव सांगू नको." तो पडदा मी इतकी वर्षं पिशवीत ठेवतो. दवाखान्यात पडदे असतात, पण ते नेमके दुसऱ्या वॉर्डात असतात. लोक मला कंपाउंडर म्हणतात, काही म्हाताऱ्या सवयीनं सिस्टरच म्हणून हाक मारतात आणि मीही ओ देतो. पण मी पिशवीतून पडदा काढला की बायांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता त्या दिवसाकडे येतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. तू निवृत्त होऊन नालवाडीला आली होतीस. मी पेपर हातात घेऊन घरात शिरतो. तू जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहेस. मी जाहिरात वाचून दाखवतो, फक्त महिला उमेदवार, आणि सांगतो की मी कोर्टात जाणार. कंत्राटावर पुरुष चालतो, रात्रपाळीला पुरुष चालतो, दारू पिऊन आलेल्या पेशंटला आवरायला तर पुरुषच लागतो, आणि कायम करायची वेळ आली की बाईच हवी. हा कुठला न्याय? मला वाटलं होतं, तू काकांना जसं उत्तर दिलंस तसं आता सरकारला देशील. तू शेंगा सोलत राहिलीस. मग म्हणालीस, "त्या बायाईच्या जागा हायेत. त्याईले हात लावू नको."

मी चिडलो. "काऊन? डॉक्टर पुरुष चालते लेबर रूममंदी. तवा कोनाची इज्जत जात नाई?"

"डॉक्टर येते अन् जाते," तू म्हणालीस. "नर्स राहते."

"म्हनजे?"

"म्हनजे तेच. पाच मिन्टाचा मानूस चालून जाते. रातभर उशापाशी बसाले बाईले बाईच लागते. अन् दुसरं आयक. त्या दारावर फक्त बाया असं लिवलं होतं म्हनून तुह्या आज्यानं मले उंबऱ्याभायेर पडू देलं. तेच पुसाले निंगाला तू?"

"आई, आता कोनता आजा फाटकापाशी उभा राह्यते?"

"गावात जाऊन पाह्य," तू म्हणालीस आणि शेंगांची टोपली उचलून आत गेलीस. त्या संध्याकाळी तू तुरीचे सोले भाजून माझ्या ताटात वाढलेस, पण स्वतः पाठ करून जेवलीस. मी कोर्टात गेलो नाही. तुझ्या धाकानं नव्हे, मला तुझं पटलंही नव्हतं. पण तुझ्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना लढायला जायचा मला कंटाळा आला. माझा हा स्वभाव तुला माहीत आहे.

मग तुझं आजारपण. डावी बाजू गेली आणि तुझा आवाज अर्धा झाला, हुकूम मात्र पूर्ण चालायचे. तुझं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं माझ्या बायकोनं करायचं, मी दाराबाहेर. मी जन्मभर परक्यांच्या आया उचलल्या आणि माझी आई मला खोलीत येऊ देत नव्हती. एका दुपारी बायको माहेरी गेलेली, शेजारच्या काकू शेतात, आणि तुझं पांघरूण ओलं झालेलं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी पिशवीतून तो पडदा काढला. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या मुठीला आकडे अडकवले. मग विचारलं, "आई, करू?" तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "नाडी ढिली हाये. वढून लाव." मी नाडी ओढली, मग तुझं सगळं केलं. त्यानंतर बायको घरात असली तरी तू मला नाही म्हटलं नाहीस. एवढ्यावरून तुझं मत बदललं असं मी धरून चालावं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुला जाऊन एक तप होत आलं आणि माझी गाडी अजून तिथंच अडलेली आहे.

तू गेल्यावर पुन्हा जाहिरात निघाली, पुन्हा तीच ओळ. या वेळी माझ्यासोबतचे पुढे झाले आणि मीही सही केली. मग वर्ध्याहून नागपूर, नागपूरहून वर्धा. तारीख मिळायची, प्रकरण पुकारलंच जायचं नाही, आणि आम्ही कोर्टाबाहेर तर्री-पोहे खाऊन परत यायचो. एकदा खरंच सुनावणी झाली. सरकारचे वकील म्हणाले, स्त्री रुग्णांच्या संकोचाचा प्रश्न आहे. न्यायमूर्तींनी विचारलं, मग प्रसूतीच्या खोलीत पुरुष डॉक्टर कसे चालतात? सरकारचे वकील फायलीतले कागद उलटेपालटे करू लागले. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या कानात तुझंच वाक्य वाजत होतं. डॉक्टर येते अन् जाते. नर्स राहते. त्या अख्ख्या खोलीत ते उत्तर फक्त मला माहीत होतं आणि मी चुकीच्या बाजूला बसलेलो. माझ्याशेजारचा मित्र खूश होऊन माझ्या मांडीवर चापट मारत होता. मला मात्र वाटत होतं, आत्ता तू मागून येशील, पदर खोचून, आणि त्या वकिलांना म्हणशील, सरका बाजूले, मी सांगते.

आणि मग हा निकाल. निवड नव्यानं झाली तेव्हा पुरुषांची नावं आत आली, म्हणजे तेवढी नावं खालून बाहेर पडली. त्यातलं एक माझ्याच वॉर्डातल्या सिस्टरचं. माझ्याइतकीच वर्षं कंत्राटावर, दोन लेकरं, नवरा हिंगणघाटला कुठं तरी कामाला. आम्ही दोघांनी एकमेकांच्या सुट्या सांभाळल्या, एकमेकांचे डबे खाल्ले. खटल्यामुळे अडकून पडलेल्या पहिल्या यादीत तिचं नाव शेवटी शेवटी होतं आणि तिनं वॉर्डभर जिलेबी वाटली होती, मलाही दिली होती. नव्या यादीत ते नाही. मला वाटलं ती बोलणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ती नेहमीसारखी समोर येऊन बसली. भाकर मोडून झाल्यावर म्हणाली, "भाऊ, तुमचं बरोबर हाये. कोर्ट म्हनते म्हनजे बरोबरच असंन. पन मंग माह्यं काय चुकलं?" मी भाजी पुढे केली. तिनं घेतली. आई, तू असतीस तर तिच्या बाजूनं तावातावानं भांडली असतीस, आणि सकाळी माझाही डबा भरून दिला असतास. मला दोन्हीची फार गरज होती.

मी रुजू झालो. नोकरी सोडायची का, असाही विचार आला, पण मी सोडली तर ती जागा तिलाच मिळेल असं कोणी सांगायला तयार नव्हतं. यादीत तिच्या वर असलेलं कोणी तरी मिळवील, किंवा जागा तशीच रिकामी राहील. घरी पोराचं शिक्षण, बायकोची कंबर. मी थकलेला माणूस आहे आई, माझ्याच्यानं एवढा मोठा त्याग झाला नाही. आणि गंमत बघ, कायम झाल्यावर पहिली ड्यूटी लागली ती लेबर रूमची. माणसंच कमी होती, दुसरं कोणी नव्हतं. वरिष्ठ बाई जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, कोर्टाचाच आदेश आहे, आम्ही काय बोलणार.

दुपारची ड्यूटी. सकाळपाळीचा चार्ज द्यायला समोर तीच, माझी डबेवाली सिस्टर. टेबलावर एक पोरगी, पहिलटकरीण, ओठ चावून चावून लाल केलेले. दाराशी तिची सासू पदर सावरत उभी. मला बघून ती सिस्टरला म्हणाली, "बाई नाई का कोनी?" मी सिस्टरकडे पाहिलं. मनातून वाटत होतं, हिनं म्हणावं, मी थांबते. तिनं खांद्याला पर्स लावली. तिचा चेहरा पार उतरलेला होता. "मी सकायपासून हाये मावशी," ती म्हणाली, "आता हे हायेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बीपी जरासं वाढून राह्यलं. लक्ष ठेवजा." आणि ती गेली. तिची गाडी असते त्या वेळी, लेकरं शाळेतून येतात.

मी पिशवीतून पडदा काढला. खिडकीचा गज लांब होता आणि सलाइनचा स्टँड कोपऱ्यात. आकडा हातात घेऊन मी तो कुठं अडकवावा ते शोधत फिरत होतो, इतक्यात त्या पोरीला कळ आली. सासू म्हणाली, "अवं, धीर धर, बाईले बलावते मी, हा मानूस हाये." पोरीनं डोळे उघडलेसुद्धा नाहीत. म्हणाली, "कोनी बी असू दे. फक्त आता जाऊ नका." डॉक्टर येऊन गेले, पुन्हा एकदा येऊन गेले. मी उशापाशी होतो. सासू आधी दाराशी, मग स्टुलावर, मग माझ्या शेजारी, आणि शेवटी पाणी पाजायला मलाच सांगायला लागली. दिवेलागणीला मुलगी झाली. माझी ड्यूटी संपली, पुढची सिस्टर आली, तरी मी थोडा वेळ तिथंच बसून राहिलो. कोणी जा असंही म्हटलं नाही. निघताना सासू म्हणाली, "चहा घेता का भाऊ?" आणि पिशवीतला थर्मास उघडून स्वतःच्या झाकणात मला ओतून दिला. तुला त्या बाया आठवल्या असत्या.

तुझं चूक होतं असं मी म्हणत नाही. ती सिस्टर उद्याही कंत्राटावरच येणार आहे. एवढंच की तू म्हणाली होतीस नर्स राहते, तर मी राहिलो. हे पत्र कुठं टाकायचं तो प्रश्न आहेच. उपकेंद्र आता नव्या इमारतीत गेलं आहे, आपल्या त्या दोन खोल्यांना कुलूप आहे. पिशवीत पडद्याच्या घडीत ठेवून देईन.

एक सांगायचं राहिलं, रागावू नकोस. पडदा मी आधी लावला नाही. विचारलंही नाही. त्या पोरीनंच माझा हात आधी धरला, आणि मग उरलेल्या एका हातानं मी पडदा लावला.